ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माप देऊन करून घेतलेली ठासणीची बंदूक, दीड वर्ष वापरल्यावर

बंदूक हातात येऊन दीड वर्ष होत आलं. दोन हिवाळे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिने काढलाय, म्हणून आत्ता लिहितोय. नवी असताना लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो आणि ते वाचणाऱ्याशी बरोबर झालं नसतं, कारण ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीत काय चांगलं आणि काय कच्चं हे काउंटरवर कळतच नाही, ते मे महिन्यात कळतं आणि मग ऑगस्टात कळतं.

आधी कशासाठी घेतली ते सांगतो. ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याच्या पुढे आमची वडिलोपार्जित शेती आहे, गहू, हरभरा, थोडी मोहरी. नीलगायींचा त्रास तिकडे ज्याची शेती आहे त्यालाच माहीत, एका रात्रीत कळप येतो आणि खाण्यापेक्षा तुडवतो जास्त. आजोबांच्या वेळची टोपीची (चाप ओढला की छोटी स्फोटक टोपी फुटून दारू पेटते ती) बंदूक होती घरात, खंडेनवमीला पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचो आणि हिवाळ्यात वडील तीच घेऊन मळ्यात जायचे, गोळी नाही, छर्रा नाही, नुसती दारू ठासून बार काढायचा, त्या आवाजाने आणि धुराने कळप चारपाच दिवस तिकडे फिरकत नसे. मीही तेवढंच करतो. नीलगाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येते, परवानगीशिवाय तिला मारता येत नाही आणि मला मारायचीही नाही.

तर त्या जुन्या बंदुकीची नळी मागच्या बाजूला आतून गंजाने पोखरली होती. मी ती साफ करायला नेली तर मिस्त्रीने आत दिवा सोडून बघितलं, मला पण दाखवलं, जिथे दारू बसते नेमकं तिथेच खड्डे. म्हणाला, "भाऊसाहब, इसे अब पूजा में ही रखो." त्याने त्याच वेळी घासूनपुसून पैसे घेतले असते तर मला काय कळणार होतं, पण खरं सांगितलं, आणि तिथूनच माझा त्या माणसावर विश्वास बसला. पुढे दुकानाबद्दल तक्रारी येणार आहेत, पण मिस्त्रीबद्दल माझं मत चांगलं आहे हे आधीच लिहून ठेवतो. दुकानाचं नाव देत नाही, लष्करातलं जुनं लायसन्सवालं दुकान आहे एवढं पुरे.

कागदाचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्येच लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स मिळू शकतं, ते माझ्याकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची, त्यामुळे आजोबांची एक आणि ही नवी एक, झाला माझा कोटा. नव्या बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर कोरलेला हवाच, कलम ८ मध्ये तसं आहे, आणि मग तो नंबर कलेक्टोरेटमध्ये लायसन्सवर चढवून घ्यायचा. ज्यांच्याकडे लायसन्स नाही आणि कुणीतरी गावात स्वस्तात बनवून देतो म्हणतोय त्यांनी त्या वाटेला जाऊच नका, कायदा तर आहेच पण ती नळी कशाची आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही पूर्ण हाताने घडवलेली बंदूक नाही आणि खोक्यातून काढलेली तयार पण नाही, मधली आहे. नळी आणि लॉक (चाप ओढला की घोडा, म्हणजे छोटी हातोडी, पाडणारी यंत्रणा) कारखान्यातून तयार येतं, दुकानाकडे तीन ठरलेले नमुने आहेत, त्यातला एक आपण निवडायचा आणि मग लाकूड कुठलं, दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) किती लांब, किती झुकलेला, पितळ किती, नक्षी हवी का, नळी खिळ्यांनी बसवायची की पाचरांनी, हे आपण सांगायचं. शिंप्याकडे कोट शिवायला टाकतो तसं, कापड त्याचं, पॅटर्न त्याचा, माप आपलं.

माझा हिशेब असा झाला. मूळ बंदूक २४,०००. मापाचा दस्ता आणि बसवणी ५,०००. निवडक लाकूड ४,५००. नळी पटकन काढता यावी म्हणून मागे आकड्याची जोडणी आणि पुढे पाचरा ३,५००. पितळ आणि नक्षी ६,५००. एकूण ४३,५००. हे आकडे पाठ आहेत कारण दीड वर्षात प्रत्येक आकड्यासमोर हे वर्थ होतं का असं मी मनात लिहीत आलोय.

हे सगळं बघायला मला शिकवलं माझ्या मामेभावाने. तो पेनसिल्व्हेनियात असतो, बंदुकीची ऑर्डर द्यायच्या आधीच्या डिसेंबरात मी त्याच्याकडे गेलो होतो. तिकडे नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक वेगळा मोसम असतो, त्यात फक्त चकमकीची (दगडाच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक चालते, टोपीची पण नाही. त्याने अशीच अर्धी मापाची करून घेतलेली आहे, २,८०० डॉलर पडले म्हणाला. मेपलचं लाकूड, त्यात वाघाच्या पट्ट्यांसारखी लाट, ४४ इंची अष्टकोनी नळी, मागे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी परत किंचित जाड, म्हणून ती एवढी लांब असून हातात पुढे ओढत नाही. आत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) आहेत पण फार सावकाश फिरणारे, ७० इंचात एक फेरा, कारण गोल गोळी कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासायची असते. आणि गंमत म्हणजे ही त्याच्या घरी कुरियरने आली! अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ठासणीची बंदूक जुन्या वस्तूंत धरतात, राज्यांचे नियम वेगळे असतील ते असतील. आपल्याकडे एक बंदूक दोन जिल्ह्यांतून न्यायची तर कागदांची फाईल सोबत लागते.

भाऊ म्हणाला की लोक सगळ्यात आधी लाकडाची लाट बघतात आणि तिथेच फसतात. त्याने त्याची बंदूक माझ्या हातात देऊन लॉक बाहेर काढायला लावलं आणि म्हणाला, आतून बघ. लाकडात लॉकसाठी कोरलेली जागा आतूनसुद्धा तेवढीच स्वच्छ होती, कमानीसाठी जेवढी हवी तेवढीच खोल, कुठे जास्तीचं खोदून पोकळ केलेलं नाही. बाहेरून लॉकच्या पट्टीच्या आणि लाकडाच्या मध्ये पोस्टकार्डाची कडसुद्धा शिरत नव्हती. त्याच्याकडे हे कोरकाम नव्वद टक्के मशीनने होऊन येतं, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, आणि शेवटचं दहा टक्के हाताने. आपल्याकडे सगळं पटाशीने. त्यामुळे आपल्याकडे कोण मिस्त्री बसलाय यावर सगळं अवलंबून आहे, दुकानाच्या पाटीवर नाही.

मी परत आल्यावर मे महिन्यात ऑर्डर दिली. टोपीचीच सांगितली, चकमकीची नाही, कारण आमच्याकडे पहाटे धुकं आणि दव असतं आणि उघड्या कानावर ठेवलेली रंजक (बार पेटवायची बारीक दारू) दमट झाली की बार जात नाही. शिवाय चकमक ज्या पोलादी पात्यावर आपटते ते पातं बरोबर कडक केलेलं नसेल तर ठिणगीच पडत नाही, आणि त्या पात्याबद्दल मला दुकानाची खात्री वाटली नाही. त्यांच्याकडे चकमकीचा एक नमुना होता, मिस्त्रीने दहादा घोडा पाडून दाखवला, सहा वेळा ठिणगी धड पडली. भावाच्या बंदुकीत दहाच्या दहा पडायच्या. माझ्या मित्राने तोच नमुना घेतला, दिसायला फार देखणा आहे, पण चकमक बदलत बसतो बिचारा.

लाकूड निवडायला मी स्वतः गेलो होतो आणि हे तुम्ही पण करा. मिस्त्रीने शीशमचे तीन ठोकळे काढले (पुण्याकडे शिसवी म्हणतात ते हे नाही, ते झाड वेगळं, इकडचं शीशम नदीकाठचं), ओल्या फडक्याने पुसले आणि रेषा एकदम वर आल्या, काळपट, सोनेरी, बघत राहावं असं. एक ठोकळा इतका सुंदर होता की मी तोच म्हणणार होतो. मिस्त्रीनेच थांबवलं. दस्ता जिथे बारीक होतो, आपली मूठ जिथे बसते, तिथे त्या ठोकळ्याच्या रेषा आडव्या जात होत्या. म्हणाला इथूनच तुटेल. मग दुसरा घेतला, दिसायला साधा, पण रेषा मुठीतून सरळ मागे वाहत गेलेल्या. ४,५०० रुपये मी या रेषांचे दिले असं मानतो आणि त्याबद्दल तक्रार नाही.

माप घ्यायची त्याची पद्धत पण बघण्यासारखी होती. आधी दस्ता कोपराच्या आत टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का बघितलं, हे सगळेच करतात. मग म्हणाला डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, आता डोळे उघडा. उघडल्यावर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) दिसली तर दस्ता बरोबर, नुसता नळीचा मागचा भाग दिसला तर झुकाव जास्त झाला. मी उंच आहे, माझी मान लांब, आजोबांच्या बंदुकीला मला नेहमी मान वाकवून गाल शोधायला लागायचा. मिस्त्रीने लाकडाच्या पातळ चिपा लावून लावून पाच वेळा उघडझाप करायला लावली आणि सहाव्या वेळी डोळे उघडले तर माशी समोर, बरोबर मध्ये, मी काहीही न हलता. त्या ५,००० रुपयांइतके माझे कुठलेच पैसे सार्थकी लागलेले नाहीत. अंधारात, थंडीत, झोपेतून उठून बंदूक खांद्याला लावतो आणि ती जिथे असायला हवी तिथे असते.

दसऱ्याच्या आधी देतो म्हणाले होते, मला खंडेनवमीला पूजेत ठेवायची होती. मिळाली दिवाळीनंतर. मालक प्रत्येक वेळी "बस पॉलिश बाकी है" म्हणायचे आणि मिस्त्री खाली मान घालून बसायचा, त्यावरूनच कळायचं की पॉलिश नाही, काम बाकी आहे. उशीर झाला तर झाला, पण खरी तारीख सांगा ना, माणूस डबऱ्याहून बस पकडून येतो.

हातात आल्यावर मी जे जे तपासलं ते लिहितो, कारण बरेच जण फक्त चमक बघून घरी नेतात. सगळं बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून.

पहिलं नळी. ३४ इंच, १२ बोअर, आत गुळगुळीत. (१२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती, म्हणून आकडा लहान तेवढी नळी मोठी, नवीन लोकांना हे उलटं वाटतं.) लाकडातून काढून दोरीने टांगली आणि लाकडी मुठीने हलकं ठोकलं, घंटेसारखा लांब आवाज आला, बद्द आवाज आला असता तर मी तिथेच परत दिली असती. मग नळीचं मागचं टोक, जिथे आट्यांचा पेच बसवून ती बंद करतात. ठासणीच्या बंदुकीतली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आणि बाहेरून ती अजिबात दिसत नाही. पेचाचं तोंड आत नीट टेकलेलं नसेल तर मध्ये फट राहते, त्या फटीत दारूची घाण साचते, ओल धरते आणि आजोबांच्या नळीसारखं तिथूनच पोखरायला लागतं. मी गज (दारू ठासायची लांब काठी) आत तळापर्यंत सोडला, तोंडाशी खूण केली, बाहेर काढून तोच गज नळीच्या बाजूला लावून बघितला की पेचाचं तोंड नेमकं कुठे येतंय आणि निपलचं (ज्यावर टोपी बसते त्या बोंडाचं) भोक त्याच्या पुढे मोकळं उघडतंय का. उघडत होतं. मिस्त्रीने दिवा सोडून आतला सांधा पण दाखवला, केसाएवढी सुद्धा रेघ नाही. इथे कारखान्याला पूर्ण मार्क, चाचणीचा शिक्का आणि नंबर स्वच्छ उठलेला.

दुसरं लॉक. घोडा अर्ध्यावर ठेवला आणि चाप चांगला जोर लावून दाबला, पडता कामा नये, नाही पडला. पूर्ण मागे ओढून अंगठ्याने धरून सोडत आणला, कुठे खरखर नाही. घोड्याचं नाक निपलवर मधोमध बसतंय का हे बघायला निपलवर थोडी काजळी लावली, घोडा हळू टेकवला, उठलेला ठसा बघितला, एका बाजूला थोडा जास्त होता. मिस्त्रीने तिथल्या तिथे कानस लावून ठीक केलं. (मोकळ्या निपलवर घोडा आपटू नका, चामड्याचा तुकडा मध्ये ठेवा, नाहीतर निपलचं तोंड चेपतं आणि मग टोपी नीट बसत नाही.) चाप मात्र जड आहे. थोडा जड चालेल मला, शेतावर पोरं असतात, पण ओढताना मध्ये एक अडखळ येते ती या पैशात यायला नको होती.

तिसरं गज. आधी दिला तो परत केला. लाकूड तिरक्या रेषांचं होतं, फळीतून कापून रंधलेलं. असा गज ठासताना मोडतो आणि मोडलेलं टोक तळहातात घुसतं. दुसरा सरळ रेषांचा दिला, एक शब्द न बोलता, म्हणजे त्यांना माहीत होतं. मग पहिल्यांदाच असा का दिला? घरी आल्यावर मी त्या गजावर चाकूने दोन खुणा केल्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज सोडला की कळतं आत काही आहे की नाही. ठासणीची बंदूक ज्याच्या घरी आहे त्याने आजच्या आज या दोन खुणा कराव्यात, त्याला पैसे पडत नाहीत.

दुकानाच्या चाचणीच्या जागेवर माझ्यासमोर २० बार काढले. दोनदा टोपी फुटली पण बार गेला नाही. निपल बदलली, नंतर नीट. दीड वर्षात मळ्यात मी मोजून ठेवलेत, ६१ बार काढले, तीन फुकट गेले आणि तिन्ही वेळा धुकं होतं.

इथपर्यंत सगळं चांगलंच म्हणायला हवं. मग उन्हाळा आला.

ग्वाल्हेरचा मे सगळ्यांना माहीत आहे, ४५ च्या पुढे पारा आणि लू. महिन्याच्या शेवटी एक दिवस तेल लावायला बंदूक काढली आणि दस्त्याच्या टोकाच्या पितळी पट्टीवरून बोट फिरवलं तर बोटाला कड लागली. नोव्हेंबरमध्ये लाकूड आणि पितळ इतकं सपाट होतं की डोळे मिटून सांधा सापडत नव्हता. आता पितळ जिथल्या तिथे आणि लाकूड आत गेलेलं, नखाच्या जाडीएवढं. लॉकच्या पट्टीभोवती पण फट, पोस्टकार्ड नुसतं शिरलं नाही, उभं राहिलं. आणि मग ते दिसलं. नळीच्या मागच्या टोकाची जी पोलादी शेपटी दस्त्यात उतरते, तिच्या मागे केसाएवढी चीर, पाऊण इंच लांब. उजेडात तिरकी धरली तरच दिसत होती. मी ती बंदूक मांडीवर घेऊन किती वेळ बसून होतो सांगता येत नाही.

कारण साधं आहे. लाकूड पूर्ण वाळलेलं नव्हतं. लाकूड सावलीत नुसत्या हवेवर वाळवायचं तर ढोबळ हिशेब एक इंच जाडीला एक वर्ष असा धरतात, दस्त्याचा ठोकळा अडीच इंची, म्हणजे अडीच-तीन वर्षं तो कुठेतरी पडून राहायला हवा. माझा ठोकळा तेवढा राहिलेला नव्हता. लाकूड आकसलं, पोलाद आकसत नाही, आणि शेपटीच्या मागे मिस्त्रीने कागदाएवढी पण मोकळी जागा सोडली नव्हती, एकदम घट्ट बसवली होती कारण गिऱ्हाईक फट बघितली की नाक मुरडतं. खरं तर तिथे थोडी जागा हवीच, म्हणजे धक्का नळीच्या मागच्या रुंद भागावर येतो आणि शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसत नाही.

दुकानात नेली. मालक म्हणाले, "लकड़ी है साहब, लकड़ी तो चलती है." मी म्हटलं, मी वाळलेल्या लाकडाचे वेगळे ४,५०० दिलेत आणि पावतीवर तसं लिहिलंय. तेव्हा बोलणं बदललं. तरी तीन चकरा झाल्या. शेवटी दुरुस्ती फुकट केली, बंदूक जमा करून घेतल्याची रीतसर पावती दिली (ही घेतल्याशिवाय हत्यार दुकानात सोडू नका, हत्यार कुठे आहे हे तुम्हाला कधीही दाखवता आलं पाहिजे). मिस्त्रीने शेपटीमागे जागा केली, चिरीत सरस भरून दाबून ठेवलं, पितळ कानसून परत लाकडाला मिळवलं. चीर त्यानंतर वाढलेली नाही. मिस्त्री मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की ठोकळा त्याने वर्षभर अजून ठेवायला सांगितला होता. मालकांना ऑर्डर पुरी करायची होती.

पावसाळ्यात उलटं. लाकूड फुगलं आणि लॉक बाहेर येईना. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, कडा तुटतात. स्क्रू दोन-तीन आटे सैल करायचे आणि त्यांच्याच डोक्यावर लाकडी हातोडीने हलकं टकटक करायचं, लॉक आपोआप वर येतं. माझं आलं. आता दोन वर्षांत लाकूड बसेल असं मिस्त्री म्हणतो आणि या हिवाळ्यात फटी खरंच कमी वाटल्या.

आकड्याची जोडणी आणि पाचरा यांचे ३,५०० मात्र डोळे झाकून द्या. दारूची राख हवेतलं पाणी ओढते, बार काढल्यावर त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुतली नाही तर सकाळी लाल झालेली असते. खिळ्यांनी बसवलेली नळी दर वेळी काढणं म्हणजे लाकडाची भोकं मोठी करत जाणं. माझी पाचर सरकवली, नळी उचलली, मागचं टोक बादलीत, वरून उकळतं पाणी, पहिलं पाणी काळं कुळकुळीत, तिसरं स्वच्छ, आणि गरम पाण्याने तापलेली नळी स्वतःच वाळते, मग तेलाचं फडकं. दहा मिनिटं लागतात. बायको म्हणते चहाचं पातेलं वेगळं ठेव, ते ठेवलंय.

पितळ आणि नक्षीचे ६,५०० वाया गेले असं मी स्पष्ट सांगतो. दस्त्यात एक झाकणाची पितळी डबी बसवून देतात, फार देखणी, पण ती मुळात आटेवाल्या नळीच्या बंदुकीसाठी, गोळीभोवतीचे चरबी लावलेले कापडाचे तुकडे ठेवायला. गुळगुळीत नळीला तिचा काही उपयोग नाही आणि ती बसवायला दस्ता पोखरावा लागतो. ती मी नाकारली, पण नक्षीला हो म्हटलं. पट्टीवर सूर्य कोरून घेतला, ग्वाल्हेरचं म्हणून. काम सुबक आहे, किरण एकसारखे, पण त्याच पैशात चाप घासून गुळगुळीत करून मिळाला असता. आपल्याकडे हत्याराचा अभिमान आहे, का नसावा, लष्करात कंपू नावाचा मोहल्लाच आहे आणि महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन या युरोपीय सेनाधिकाऱ्याला चाकरीत घेऊन ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या त्यांनाही कंपूच म्हणत. त्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा माणूस तोफा आणि बंदुका करवून घ्यायचा. त्या बंदुकीला किंमत होती ती घोडा दर वेळी पडतो याची. आज दुकानात गिऱ्हाईक आधी पितळ मागतं, म्हणून दुकानं पितळ विकतात.

एक मात्र विनंती. दुकानात माझ्यासमोर एकजण लग्नासाठी आवाजाची बंदूक विचारत होते. २०१९ पासून आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि आपल्या भागात वरातीत गेलेले जीव सगळ्यांनी पेपरात वाचलेत. मालकांनी त्यांना सरळ नाही म्हटलं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

तर पाचपैकी साडेतीन. नळी आणि सांधा पाच, मापाची बसवणी पाच, लॉक साडेतीन, लाकूड दोन, वेळ पाळणं एक, नंतरची सर्व्हिस भांडल्यावर चार. २४,००० ची मूळ बंदूक, अधिक माप, अधिक पाचरा, अशी ३२,५०० मध्ये मी परत घेईन. लाकूड त्यांचं साधंच पण जुनं मागेन, ठोकळ्यावर तारीख लिहिलेली असते ती वाचून.

जाणार असाल तर शनिवार-रविवार सोडून सकाळी जा, मिस्त्री तेव्हा बसतो, दुपारनंतर फक्त मालक असतात. लायसन्स ओरिजिनल न्या. आणि माप द्यायला जाताना अंगात तोच जाड कोट घाला जो घालून तुम्ही जानेवारीत रात्री शेतावर बसता. मी मे महिन्यात अर्ध्या बाह्यांच्या शर्टात माप दिलं, आणि हिवाळ्यात कोट-शालीवरून दस्ता अर्धा इंच लांब पडायला लागला, तेवढा मिस्त्रीने नंतर कापून दिला, पितळी पट्टी परत बसवून, त्याचे वेगळे १,२०० लागले. लोक दुकानात बघतील उन्हाळ्यात कोट घालून आलाय म्हणून, बघू दे, मिस्त्रीला सांगा कशासाठी ते, त्याला लगेच कळेल.